मांडणीतला उजेड

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट मागे पडला, की कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर तिसगाव लागतं. मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला आणि वृद्धेश्वराला जाणाऱ्यांच्या वाटेवरचं हे गाव. या पट्ट्यातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या भिंती हात-दीड हात जाड, त्या भिंतींतच कोनाडे काढलेले आणि दिव्यापुरती एक दिवळी. सामान कुठं ठेवायचं आणि दिवा कुठं लावायचा, या दोन्ही गोष्टी गवंडी भिंत चढवतानाच ठरवून टाकायचा. आता स्लॅबची घरं आली, भिंती विटांच्या आणि पातळ झाल्या. त्यांत सहसा कोनाडा निघत नाही, म्हणून भिंतीला टेकून मांडणी उभी राहते. भांड्यांची स्टीलची मांडणी, पुस्तकांचं प्लायचं कपाट, टीव्हीभोवतीचं युनिट, पत्र्याचा रॅक. सामानाला जागा मिळाली, दिव्याचं ठरवायचं मात्र राहून गेलं. फर्निचर लागतं, सुतार पैसे घेऊन जातो, आणि मग कधीतरी दिवाळीच्या आधी कुणीतरी बाजारातून एलईडीची पट्टी आणून कडेला चिकटवतं.

ही पुस्तिका त्या पट्टीविषयी आहे. घरातल्या जोडणीच्या, म्हणजे फळ्या हलवता येणाऱ्या मांडणीसाठी एलईडी दिवे कसे निवडावेत, कुठं बसवावेत, त्यांना वीज कशी द्यावी, एवढाच तिचा विषय. तिसगावसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला, इथल्या विजेला, इथल्या धुळीला आणि उन्हाळ्याला समोर ठेवून ती लिहिली आहे. शहरातल्या सजावटीच्या पुस्तकांत या विषयावर चकचकीत चित्रं भरपूर असतात. पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर त्या दिव्यांचं काय होतं, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेला, पट्टीला वीज देणारा ड्रायव्हर मे महिन्यात किती टिकतो, हे त्या पुस्तकांत नसतं. आपल्याला तेच आधी कळायला हवं.

मांडणीत दिवा लावणं म्हणजे शहरी हौस, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. खोलीचा दिवा छताच्या मध्यावर किंवा समोरच्या भिंतीवर असतो आणि मांडणी दुसऱ्या भिंतीला. वरच्या फळीची सावली खालच्या फळीवर पडते, तिची तिच्या खालच्या फळीवर. वर आपण मांडणीसमोर उभे राहिलो, की आपलीच सावली सगळ्या खणांवर. खोलीत कितीही मोठी ट्यूब लावा, तिसऱ्या खणात अंधारच राहतो. त्या खणात आजोबांच्या गोळ्यांची पाकिटं असतात, दोन गोळ्या दिसायला सारख्या आणि पाकिटावरची अक्षरं बारीक. त्याच खणात दहावीच्या मुलीची वह्या-पुस्तकं असतात, बियाण्याच्या पावत्या असतात, सातबाऱ्याची फाइल असते. वय वाढलं की डोळ्यांना जास्त उजेड लागतो, आणि आपल्या घरांत म्हातारी माणसं असतात. मांडणीतला दिवा आधी त्यांच्यासाठी. शोभा त्यानंतर.

जोडणीची मांडणी ही कल्पनाही तशी जुनी आहे. भोकं पाडलेला लोखंडी अँगल नटबोल्टनं हवा तसा जोडायचा, ही रचना डेमेट्रियस कोमिनो यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये डेक्झिऑन या नावानं बाजारात आणली. आज आपल्याकडच्या किराणा दुकानांत आणि कृषी सेवा केंद्रांत उभे असलेले अँगलचे रॅक त्याच रचनेचे. जर्मनीत डीटर राम्स यांनी १९६० मध्ये भिंतीवरच्या पट्टीत अडकवायच्या फळ्यांची ६०६ क्रमांकाची मांडणी केली. ती अजूनही बनते. कारखान्यात तयार होणाऱ्या लाकडी कपाटांत बाजूच्या फळीला आतून ३२ मिलिमीटर अंतरानं ५ मिलिमीटरची भोकं असतात. त्यांत खुंट्या घालून फळी वर-खाली करता येते. या तिन्ही रचनांमागचा विचार एकच. घरातलं सामान बदलतं, म्हणून फळी हलली पाहिजे.

दिव्याची खरी अडचण इथूनच सुरू होते. फळी हलणारी, आणि दिव्याची वायर मात्र एका जागी ठोकलेली. फळीच्या खाली पट्टी चिकटवून वायर मागच्या प्लायमधून ओवली, की ती फळी कायमची अडकली. पुढच्या वर्षी उंच डबे आले आणि फळी दोन भोकं वर घ्यायची झाली, तर वायर ताणली जाते, जोड निखळतो, आणि घरातलं कुणीतरी त्यावर चिकटपट्टी गुंडाळतं. यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पट्टी आडवी न लावता उभी लावणं. मांडणीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांत, पुढच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत खाच पाडायची, तीत अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी ठेवायची पन्हळ, बसवायचं आणि प्रकाश आत, मागच्या भिंतीच्या दिशेनं तिरका पडेल असं पाहायचं. मग मधल्या फळ्या कितीही हलवा, वायरला हात लागत नाही आणि प्रत्येक खणाला दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो. मांडणी फार रुंद असेल, समजा एक मीटरहून जास्त, तर मध्यभागी उजेड कमी पडतो. तिथं प्रत्येक फळीखाली पट्टी घ्यावी लागते. अशा वेळी प्रत्येक फळीच्या वायरला दोन पिनांचा कनेक्टर द्यावा आणि मागे वीतभर वायर सैल सोडावी. काचेच्या फळ्या असतील तर वरून एकच दिवा बराच खालपर्यंत पोहोचतो. प्लायच्या फळ्यांना तो लाभ नाही.

पट्टी फळीच्या पुढच्या कडेला लावावी की मागच्या, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मागे लावली तर भिंत उजळते आणि पुढची वस्तू काळी दिसते. फोटोत ते सुंदर वाटतं, पण डब्यावरचं नाव वाचता येत नाही. कामाच्या मांडणीला पट्टी पुढेच हवी, आणि पुढे लावली की ती आडोशाला हवी, नाहीतर खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट जाते. आपण स्वयंपाकघरात अजूनही पुष्कळदा खाली बसतो. म्हणून दिवा लावून झाला की उभ्यानं पाहावं, आणि पाटावर बसूनही पाहावं. स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीत आणखी एक गोष्ट होते. पट्टीवरचा एकेक ठिपका ताटाताटांत वेगळा चमकतो. त्यासाठी प्रोफाइलवर दुधी झाकण लागतं आणि ते ठिपक्यांपासून पुरेसं दूर लागतं. मीटरला १२० एलईडी असतील तर दोन ठिपक्यांत सुमारे ८ मिलिमीटर अंतर असतं, म्हणून झाकणही निदान तेवढं, शक्य तर त्याहून अधिक वर असावं. मीटरला ६० असतील तर हे अंतर दुप्पट होतं आणि उथळ प्रोफाइलमध्ये ठिपके दिसतातच. सीओबी नावाची सलग दिसणारी पट्टी आता मिळते, तिला ही अडचण फारशी नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानात या बाबतीत सगळ्यात कमी विचारलं जातं. पांढऱ्या एलईडीच्या आत निळा दिवा असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, आणि निळा व पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो. हा तेजस्वी निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्या कामासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त पट्टीत फॉस्फर साधा असतो आणि तिच्या प्रकाशात लाल रंग फार थोडा असतो. परिणाम असा, की मिरचीपूड तपकिरी दिसते, कुंकू मळकं दिसतं, पैठणीचा लाल काठ विझल्यासारखा होतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. तो १०० पैकी मोजतात. ८० चालतो, ९० असेल तर उत्तम. पण हा आकडा आठ फिकट रंगांवरून काढलेल्या सरासरीचा आहे, त्यात गडद लाल धरलेलाच नाही. गडद लालाचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-९ म्हणतात. देवघर, मसाल्याचा खण आणि साड्यांचं कपाट यांसाठी आर-९ विचारून घ्यावा. दुकानदाराला तो माहीत नसेल तर एक साधी परीक्षा आहे. लाल कापडाचा तुकडा बरोबर न्यावा, दुकानाबाहेर उन्हात पाहावा आणि पट्टीखाली पाहावा.

दुसरा आकडा केल्विनचा. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ४००० केल्विनचा मधला. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. आपल्याकडे ‘जास्त पांढरा म्हणजे जास्त उजेड’ अशी समजूत घट्ट आहे, आणि म्हणून घराघरांत ६५०० लागतो. उजेड किती, हे ल्युमेनवरून ठरतं. पांढरेपणाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. देवघराला आणि बैठकीतल्या मांडणीला ३०००, स्वयंपाकघराला आणि अभ्यासाच्या कपाटाला ४००० हे माझं मत. रात्री डोळ्यांना निळसर उजेड नको असतो, शिवाय पावसाळ्यात पाखरंही पिवळसर उजेडाकडे कमी येतात. रिमोटवर रंग बदलणाऱ्या पट्ट्या मांडणीसाठी घेऊ नयेत. लाल, हिरवा आणि निळा मिसळून त्या जो पांढरा दाखवतात, त्यात वस्तूंचे रंग बिघडतात.

आता विजेकडे येतो. माझ्या मते या पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण तेच आहे. भारत सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. योजनेसाठी एलईडी बल्ब ज्या भावानं खरेदी होत होते, तो २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. ९ वॅटचा बल्ब खेड्यापाड्यांत पोहोचला, आणि एलईडी म्हणजे लावा आणि विसरा, असा विश्वास लोकांच्या मनात बसला. बल्बच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण त्याच्या पोटात २३० व्होल्ट हाताळणारं सर्किट बसवूनच येतं आणि खोक्यावर बीईईचे तारे, वॅट, ल्युमेन सगळं छापलेलं असतं. पट्टीचं तसं नाही. ती १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, आणि २३० चे १२ करणारा ड्रायव्हर आपण वेगळा निवडायचा असतो. मीटरवर कापून दिलेल्या पट्टीबरोबर खोकंही येत नाही आणि त्यावर छापलेली माहितीही येत नाही.

१२ घ्यावी की २४? पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचे गट असतात, मधे एक रोधक असतो, आणि दोन गटांच्या मधे कात्रीची खूण असते. पट्टी त्या खुणेवरच कापायची, नाहीतर तो गट विझतो. २४ मध्ये गट साधारण दुप्पट मोठा. लहान मांडणीला १२ चालतं. पण लांबी वाढली की हिशेब बदलतो. ५ मीटर पट्टी, मीटरला १० वॅट, म्हणजे ५० वॅट. १२ व्होल्टवर त्यासाठी ४ अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह लागतो. ड्रायव्हर पट्टीपासून ५ मीटर लांब ठेवला आणि ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली, तर जाता-येता वायरीतच जवळजवळ दीड व्होल्ट खर्च होतो. बारातला दीड गेला की उजेड उघड मंदावतो. तीच वायर २४ व्होल्टला वापरली तर प्रवाह निम्मा, आणि पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. चोविसातला पाऊण गेल्याचं डोळ्यांना कळत नाही. शिवाय पट्टीच्या आतलं तांबंही पातळ असतं. लांब पट्टीचं एक टोक प्रखर आणि दुसरं मलूल दिसतं ते त्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे वीज मध्यभागी किंवा दोन्ही टोकांना देणं. मोठ्या मांडणीला २४ व्होल्ट, एक चौरस मिलिमीटरची वायर, आणि ड्रायव्हर जवळ, हे ठरवून टाकावं.

ड्रायव्हरची क्षमता पट्टीच्या वॅटपेक्षा निदान पाचव्या हिश्शानं जास्त असावी. ६० वॅटच्या पट्टीला ७५ चा ड्रायव्हर. गावात विहिरींच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, रात्री मोटारी बंद झाल्या की वर जातं, आणि गेलेली लाइट परत येताना झटका देऊन येते. म्हणून ड्रायव्हरवर कोणत्या व्होल्टेजपर्यंत तो चालतो हे वाचावं. नुसता २२० ते २४० लिहिलेला घेऊ नये, ९० ते २७० असा मोठा पल्ला असलेला घ्यावा. त्यावर भारतीय मानकाचा आयएस १५८८५ हा क्रमांक आणि ‘आर’नं सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावं. आणि ड्रायव्हर हाताला येईल अशा जागी ठेवावा. एलईडीच्या आधी ड्रायव्हर जातो. त्याच्या आतला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पाथर्डी तालुका पर्जन्यछायेचा, इथला उन्हाळा कडक. पत्र्याखाली, कपाटाच्या माथ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यामागे बंद जागेत कोंबलेला ड्रायव्हर फार दिवस राहत नाही, आणि तो बदलायला सगळं युनिट भिंतीपासून ओढावं लागतं. खालच्या खणात, हवा खेळेल अशी जाळी ठेवून, एका स्क्रूवर निघणाऱ्या फळीमागे त्याची जागा करावी. ही जागा सुतारानं आधी सोडलेली असेल तरच मिळते.

एका बाबतीत मला अगदी ठामपणे सांगायचं आहे. थेट २३० व्होल्टवर चालणारी रोप लाइटची पट्टी स्वस्त मिळते आणि तिला ड्रायव्हर लागत नाही, म्हणून ती मांडण्यांत सर्रास दिसते. ती घरातल्या मांडणीत लावू नका. प्लास्टिकचं वेष्टण उंदरानं कुरतडलं किंवा अँगलच्या धारेवर घासलं, तर लोखंडी रॅकमध्ये पूर्ण वीज उतरते, आणि त्या रॅकला ओल्या हाताची बाई आणि रांगणारं मूल दोघंही धरतात. शिवाय अशी पट्टी बहुधा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. अभ्यासाच्या कपाटाला असा दिवा लावला तर काहींना डोकेदुखीचा त्रास होतो. लोखंडी मांडणीवर कोणताही ड्रायव्हर बसवला तर मांडणीला अर्थिंग द्या, आणि घराच्या मेन बोर्डात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हा खर्च टाळू नये.

विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नये. ६ मीटर पट्टी, मीटरला १० वॅट, रोज ५ तास चालू ठेवली तर महिन्याला ९ युनिट होतात. कपाटाच्या आतल्या खणांना मीटरला ५ वॅट पुरतात, आणि दार उघडताच दिवा लावणारा सेन्सर बसवला तर वापर नावालाच. इन्व्हर्टरवर घ्यायची असेल तर खालच्या एका खणाची पट्टी तेवढी घ्यावी. उघड्या मांडणीला स्पर्शाची बटणं लावण्याचा आग्रह हल्ली होतो. घरात म्हातारी माणसं असतील तर साधं खटक्याचं बटण, छातीच्या उंचीवर, हेच बरं.

धूळ आणि उष्णता यांविषयी थोडक्यात. प्रोफाइलचं तोंड वर करून बसवलं तर महिनाभरात झाकणावर मातीचा थर बसतो, म्हणून ते खाली किंवा आडवं असावं आणि झाकण काढून पुसता यावं. अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल पट्टीची उष्णता बाहेर काढतं. प्लायला नुसती चिकटवलेली पट्टी गरम राहते, तिचा गोंद सुटतो आणि ती उन्हाळ्यात लोंबायला लागते. पत्र्याच्या रॅकला हा त्रास कमी, कारण पत्राच उष्णता ओढून घेतो. जोड शक्यतो सोल्डर करून घ्यावेत, दाबून बसवायचे क्लिप कालांतरानं ढिले होतात. देवघरात समई आणि निरांजनाच्या वर पट्टी येऊ देऊ नये.

सगळी पट्टी एकाच वेळी आणि एकाच जातीच्या रिळांतून घ्यावी. आज दोन मीटर आणि सहा महिन्यांनी तीन मीटर आणली तर दोन्हींवर ३००० केल्विन लिहिलेलं असूनही एक गुलाबी आणि एक हिरवट दिसू शकते. शेजारी शेजारी लावल्यावर तो फरक रोज खुपतो. अर्धा-एक मीटर जास्तीची घेऊन घरात ठेवावी.

पुढच्या पानांत स्वयंपाकघर, देवघर, अभ्यासाचं कपाट, दुकानाचा रॅक आणि कपड्यांचं कपाट यांचे वेगवेगळे नकाशे दिले आहेत. प्रत्येकासोबत पट्टीची लांबी, वॅट, ड्रायव्हर आणि वायर यांचा हिशेब मांडला आहे. किमती दिलेल्या नाहीत, त्या फार लवकर बदलतात. २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, ते घरच्या घरी करू नये.

वाचकांना एकच विनंती आहे. नवं फर्निचर करायला घेणार असाल तर प्लाय कापायच्या आधी सुतार आणि वायरमन या दोघांना एकाच दिवशी घरी बोलवा. कोणत्या खणात काय राहणार आणि ते कोण हाताळणार, हे घरातल्या बाईनं आणि म्हाताऱ्या माणसांनी त्यांना सांगावं. त्यांचं ऐकून मगच खाच कुठं पाडायची, वायर कुठून न्यायची आणि ड्रायव्हर कुठं ठेवायचा ते पेन्सिलीनं फळीवर आखून घ्या. पुस्तिकेतल्या एखाद्या नकाशाप्रमाणे काम करताना काही अडलं, किंवा आपल्या भागातल्या सुताराला याहून सोपी रीत सुचली, तर ती जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत तिचा समावेश करता येईल.

तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर